पेव्हर ब्लॉकच्या फटीत काय काय आहे, बघा तरी!

घोळाचं फळ कधी उघडून बघितलंय का तुम्ही? घोळ म्हणजे तीच हो, डाळ घालून भाजी करतो ती, पावसाळ्यात मंडईत जुडी मिळते ती! नाही बघितलं? मग हातातलं काम आधी बाजूला ठेवा. मी तर ठेवलंच आहे! कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही मोजलेलं नाही. पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला बसवत नाही आणि उभंही राहवत नाही!

तर त्या फळाला झाकण असतं! झाकण! एवढंसं हिरवं बोंड, पिकलं की त्याच्या बरोब्बर कमरेत एक रेघ उमटते, आणि मग त्या रेघेवर वरचा अर्धा भाग अलगद सुटतो, कुंकवाच्या करंड्याचं झाकण निघावं तसा, आणि मग आत काळ्याभोर बिया, खसखशीहून बारीक, आणि भिंगातून बघितलं की त्या प्रत्येक बीवर रांगेत बसवलेले बारीक बारीक उंचवटे! नक्षी! जी कुणी बघणार नव्हतं अशी नक्षी! आणि ही सगळी कलाकुसर आपण जन्मभर लसणाच्या फोडणीत ढकलत आलो!

आता एक आधीच सांगून टाकते. मला यातलं ओ की ठो कळत नाही! मी नोकरी करते विम्याच्या कार्यालयात. दाव्यांच्या फायली बघायच्या, सही-शिक्का तपासायचा, कागद अपुरे असले की परत पाठवायचे, हा माझा प्रांत. वनस्पतिशास्त्राशी संबंध आला तो शाळेत जास्वंदीचं फूल उभं चिरून वहीत चिकटवण्यापुरता. त्यामुळे या लेखात काही शास्त्रशुद्ध वगैरे मिळेल अशी आशा धरलीत, तर ती तुमच्या जबाबदारीवर! पण म्हणूनच तर एवढ्या उत्साहाने सांगतेय. मला दिसलं म्हणजे कुणालाही दिसेल!

याच्या मुळाशी आहे माझी भाची. ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. राहायला आली आणि जाताना एक भिंग ठेवून गेली. दहापट मोठं दाखवणारं, मिटलं की मुठीत मावणारं, दोन-तीनशे रुपयांत मिळणारं. “मावशी, भिंग डोळ्याला अगदी टेकवून धर आणि वस्तू भिंगाकडे आण. पेपर वाचायला धरतेस तसं लांब धरलंस तर काही दिसणार नाही.” झाली माझी दीक्षा! आणि मग मी चपला घालून खाली उतरले, आणि मग सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीपाशी जिथे गटाराचं झाकण आहे तिथे उकिडवी बसले, आणि मग गुडघे टेकले, आणि मग पार जमिनीला नाक लावलं!

वॉचमनकाका धावत आले. “ताई, काय हरवलं?”

“हरवलं नाही काका, सापडलंय!”

चला, तुम्हीही या. लाजू नका, मी आहे ना पुढे! एकदांडीपासून सुरुवात करू. तिला तुम्ही ओळखता, नाव माहीत नसलं तरी. पुण्यातली एक भिंत, एक फूटपाथ, एक रिकामा प्लॉट तिच्यावाचून नसेल. वीतभर लांब दांडी, टोकाला एकच फूल, मधे पिवळं, कडेला चार-पाच पांढुरक्या पाकळ्या. बघितलं? आता भिंग लावा. आणि मग घट्ट धरा काहीतरी! कारण ते एक फूल नाहीच! ती फुलांची अख्खी वसाहत आहे! मधल्या पिवळ्या भागातला एकेक ठिपका म्हणजे एकेक पूर्ण फूल, पाच टोकांची चिमुकली नळी आणि तिच्यातून बाहेर आलेला केसर. आणि कडेची ती जी पाकळी म्हणालो ना आपण, तेसुद्धा एक स्वतंत्र फूल, आणि त्याच्या टोकाला तीन दाते! दर वेळी तीन! मी एक बघितलं, दुसरं बघितलं, भिंतभर बघत गेले, तीनच!

भाचीला फोन केला तर ती हसायलाच लागली. म्हणाली, मावशी, सूर्यफूल, शेवंती, झेंडू सगळ्यांचं असंच असतं, एकच घराणं आहे. झेंडूसुद्धा? म्हणजे दसऱ्याला दाराला तोरण बांधताना मी खरी किती फुलं ओवते, याचा हिशेब करायची सोयच उरली नाही!

आणि वॉचमनकाका, जे इतका वेळ माझ्याकडे काळजीने बघत होते, ते म्हणाले, “ही कंबरमोडी ना? आमच्या गावाकडं विळा लागला की हिचा पाला चोळून लावतात. रक्त थांबतं.” कंबरमोडी! दगडी पाला हे हिचंच आणखी एक नाव. आणि ही बाई मूळची इथली नाहीच, मध्य अमेरिकेकडून आलेली! कुठून कुठे आली, भिंतीत रुजली, आणि मग गावोगावी औषधातही जाऊन बसली, आणि मला तिचं नाव पन्नाशीनंतर कळतंय!

पुढे सरका. जरा डावीकडे, नळाचं पाणी गळतं तिथे. केना! हा सकाळीच बघायचा. दुपार झाली की संपलं, पाकळ्या मिटून अक्षरशः विरघळतात. दोन मोठ्या निळ्या पाकळ्या वर, एक छोटी फिकी खाली. निळा म्हणजे काय निळा! आणि मधे पिवळ्या रंगाच्या बारीक फुल्या दिसतात ना, ते किड्यांना भुलवायचे केसर! खरे पराग देणारे केसर वेगळे, हे नुसते जाहिरातीचे फलक. विम्याच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या बाईला हे दिसल्यावर काय आपुलकी वाटली म्हणून सांगू!

पान जिथे खोडाला वेढतं तिथे बघा. तांबूस केस! एवढ्याशा तणाला तांबूस केस! आणि फूल ज्या हिरव्या द्रोणातून वर येतं तो द्रोण हलकेच दाबा. आत चिकट ओलावा! म्हणजे कळ्यांसाठी पाण्याची सोयसुद्धा केलेली आहे!

आणि थांबा, खरी गंमत पुढेच आहे. हा केना जमिनीच्या खालीही फुलतो! हो! जमिनीच्या खाली! मातीत त्याच्या फिकट फांद्या जातात, त्यांना कळ्या येतात, त्या कधीच उघडत नाहीत, आणि मग त्या बंद कळीच्या आतल्या आत सगळा कारभार उरकतो आणि मातीतच बी तयार होतं. वर गाय चरून गेली, माळ्याने कापून टाकलं, तरी खाली पुढच्या पिढीची तजवीज झालेली आहे! भाचीने हे सांगितलं तेव्हा मला थाप वाटली. आणि मग कुंडीत उगवलेला एक केना हलक्या हाताने उपटला, माती झटकली, आणि मग खरंच, पांढुरक्या फांदीवर त्या मिटलेल्या कळ्या! मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि म्हणाल्या, “केना आहे. ऋषिपंचमीला बरा आहे. पानं ठेव, फेकू नकोस.” त्यांना कळ्यांचं काही नाही! पण मला तेव्हा उमगलं की माझ्या घरात एक चालताबोलता संग्रह आहे आणि मी तो कधी उघडला नव्हता.

आंबुटी बघितलीत? तिची तीन तीन बदामी पानं रात्री मिटतात, मी बॅटरी घेऊन जाऊन बघून आले! पिवळं फूल पाच पाकळ्यांचं, पण तिची शेंग बघा. पाच कंगोऱ्यांची, उभी. पिकलेली असेल तर बोट लावा. लावा हो! फुट्ट! बिया उडाल्या ना? प्रत्येक बीवर एक ताणलेलं वेष्टन असतं, ते एकदम उलटं होतं आणि बीला लांब भिरकावून देतं. मी ओरडलेच! वॉचमनकाकांनी आता येणं सोडून दिलंय. आणि या आंबुटीवरच ते निळसर फुलपाखरू अंडी घालतं, अंगठ्याच्या नखाएवढं, जमिनीलगत उडणारं, ‘पेल ग्रास ब्लू’ नावाचं. म्हणजे फटीतली आंबुटी गेली की ते फुलपाखरूही गेलं! एका फटीवर एक फुलपाखरू उभं आहे!

आणि दूर्वा. दूर्वेबद्दल तर मी काय बोलू! लग्न झाल्यापासून दर भाद्रपदात दूर्वा निवडतेय. कोवळी, तीन पात्यांची ठेवायची, तुरा आलेली काढून टाकायची. तो टाकून दिलेला तुरा मी भिंगाखाली धरला. टोकाला चार-पाच बारीक काड्या, आणि प्रत्येक काडीवर ओळीने बसलेली फुलं! गवताला फुलं! पाकळ्या नाहीत, कारण त्यांचा सगळा व्यवहार वाऱ्याशी, कुणाला भुलवायची गरजच नाही. पण त्यातून बाहेर आलेले ते झुपकेदार केसर जांभळे आहेत! जांभळे! दूर्वा जांभळी फुलते आणि मला कुणी सांगितलं नाही! मी शेजारच्या वहिनींना बोलावलं, त्यांनी त्यांच्या मुलीला बोलावलं, ती फोनवर बोलत आली आणि मग फोन ठेवून दिला तिने. फोन! ठेवून! दिला! याहून मोठं प्रमाणपत्र काय हवं?

आणि मग एका सकाळी खाली गेले तर भिंतीची कड चकाचक. तणनाशक मारलेलं. पुढच्याच आठवड्यात तिथे नवे पेव्हर ब्लॉक बसले, फटींसकट सिमेंटने बुजवून. सुशोभीकरण म्हणे! यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. तिथे काही होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. जे माहीत नाही ते वाचवणार कोण? वाघासाठी मोर्चे निघतात, निघायलाच हवेत, पण केन्यासाठी कोण निघणार!

मी भाचीला फोन लावला. माझ्याकडे फोटो आहेत म्हटलं. ती म्हणाली, “फोटो छानच. पण फोटोतलं पान उलटून बघता येतं का? त्यातला डीएनए काढता येतो का? मावशी, रद्दी काढ.”

रद्दी! म्हणजे बघा, ज्या रद्दीच्या पैशांवरून आमच्या घरी दर महिन्याला चर्चा होते, तीच शास्त्राची सामग्री निघाली! कृती सांगते, लिहून घ्या. छोटं रोप असेल तर मुळासकट घ्यायचं, फूल आणि जमलं तर फळही असलेलं. साध्या वर्तमानपत्राच्या घडीत पसरायचं, गुळगुळीत पुरवणी नको, ती ओल शोषत नाही. एक तरी पान पालथं ठेवायचं, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. वर आणखी कागद, दोन्हीकडून प्लायवूडच्या फळ्या, आणि मग वर वजन. वजनाला मी काय ठेवलं असेल? मराठी विश्वकोशाचे खंड! ज्ञानाचं वजन म्हणतात ते हे! पावसाळ्यात कागद रोज बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. वाळलं की जाड कागदावर चिकटवायचं. आणि मग उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी.

ही चिठ्ठी म्हणजे जीव! कुठे सापडलं, कोणत्या तारखेला, कुणी गोळा केलं, उंची किती, फुलाचा रंग कोणता, आजूबाजूला काय होतं. रंग लिहायचाच, कारण केन्याचा तो निळा टिकत नाही हो! कागदावर उरतो एक मळकट डाग. पण चिठ्ठीत ‘निळा’ लिहिलेलं असलं की शंभर वर्षांनीही तो निळाच! तारीख नाही, ठिकाण नाही, तर ते नुसतं वाळलेलं गवत. सही-शिक्का-तारीख नसलेला कागद परत पाठवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला हे कुणी समजावून सांगायला लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी नोकरी कामाला आली!

आणि मग भाचीने मला तिच्या कॉलेजातलं हर्बेरियम दाखवलं. वनस्पतींचा दफ्तरखाना म्हणा ना! लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, आणि कपाटात गठ्ठेच्या गठ्ठे. तिने एक कागद काढला. आंबुटी! तीच ती, माझी आंबुटी, तपकिरी झालेली, पण तीन बदामी पानं जशीच्या तशी. चिठ्ठीवर शाईच्या सुबक अक्षरात ओढ्याकाठची एक जागा लिहिलेली, मी जन्मले त्याच्या आधीची तारीख. त्या जागेवर आज उड्डाणपुलाचा खांब आहे. मी रोज त्याखालून ऑफिसला जाते! तिथे ओढा होता. ओढ्याला काठ होता. काठावर आंबुटी होती. आणि हे सगळं सिद्ध करणारा कागद माझ्या हातात होता, चहाच्या दोन कपांच्या किमतीत तयार झालेला!

मग मी वाचत सुटले, आणि मग रात्री नवरा दिवा बंद कर म्हणाला तरी वाचत बसले. ही वाळवण्याची युक्ती सोळाव्या शतकातली, इटलीतल्या लुका गिनी नावाच्या प्राध्यापकांच्या नावावर आहे. लंडनमधल्या क्यू इथल्या संग्रहात आज सुमारे ७० लाख नमुने आहेत. सत्तर लाख! आपल्याकडे हावड्यातल्या शिबपूरच्या राष्ट्रीय संग्रहात सुमारे २० लाख. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. आणि पुण्यात, माझ्या पुण्यात, भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचं केंद्र १९५५ पासून आहे! मी त्या रस्त्याने हजारदा गेले असेन!

आणि हे नुसतं जपून ठेवलेलं नाही, त्याचा उपयोग बघा! १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि भयंकर दुष्काळ झाला. तेव्हाची रोगट पानं कुणीतरी वाळवून ठेवली होती. कुणीतरी! डीएनए हा शब्दही जगात नव्हता तेव्हा! आणि २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातल्या तसल्या पानांमधून डीएनए काढला आणि तो रोग नेमक्या कोणत्या वाणाने आणला हे शोधून काढलं. १९८७ मध्ये वुडवर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने जुन्या संग्रहांतल्या झाडांच्या पानांवरची श्वास घेण्याची छिद्रं मोजली. छिद्रं! मोजली! आणि मग लक्षात आलं की दोनशे वर्षांत ती सुमारे ४० टक्के कमी झालीत, कारण हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला आणि पानांना तेवढ्या छिद्रांची गरज उरली नाही. म्हणजे आपण धुराडी उभारली, आणि पानांनी ते मुकाट टिपून ठेवलं, आणि कपाटाने ते जपलं! ज्याने पान वाळवलं त्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्याने फक्त तारीख लिहिली होती!

मला सगळ्यात आवडले ते थिओडोर कुक. हे गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आलेच नव्हते, ते इंजिनियर! पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य, म्हणजे आजच्या आपल्या सीओईपीचे. निवृत्त झाल्यावर क्यूला बसून त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागांनी निघाला, आणि आजही आपल्या भागातलं झाड ओळखायचं तर तो उघडतात. इंजिनियर! निवृत्तीनंतर! आपल्याकडे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ करणारे श्रीकांत इंगळहळीकर तेही इंजिनियरच! एमिली डिकिन्सन ही कवयित्री, तिने शाळकरी वयात चारशेवर वनस्पती वाळवून वहीत लावल्या, ती वही हार्वर्डला आहे. क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्ग तर तुरुंगातही फुलं वाळवत होती! तुरुंगात! आणि आपल्याला वेळ नाही म्हणे!

आता तुम्ही विचाराल, अहो, पण हे सगळं मोठ्या संस्थांचं काम, आपण घरी चार तणं वाळवून काय दिवे लावणार? मलाही हाच प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर सासूबाईंनी दिलं, न विचारता. मी घोळाची चिठ्ठी लिहीत होते. त्या म्हणाल्या, “नुसतं घोळ काय लिहितेस? कोवळी पानं भाजीला, आंबूस लागतात, हरभऱ्याची डाळ घालायची, असं लिही.” आणि मग मी लिहिलं! आणि मग टाकळ्याच्या चिठ्ठीत लिहिलं की पहिल्या पावसाचा तेवढा खायचा, पुढे जून होतो. कुर्डूच्या चिठ्ठीत भाजी कशी करायची ते लिहिलं. आघाड्याच्या चिठ्ठीत लिहिलं की गणपतीच्या पत्रीत लागतो आणि बिया साडीला चिकटतात. एकदांडीच्या चिठ्ठीत वॉचमनकाकांचं विळ्याचं औषध लिहिलं, त्यांनी सांगितलं तस्संच. काकांना ते वाचून दाखवलं तर म्हणाले, “आमच्या म्हातारीला आणखी पुष्कळ माहिती होती. विचारायचं राहिलं.”

हे बघा, पान कपाटात शंभर वर्षं राहील. पण त्याची भाजी कशी करायची हे शंभर वर्षं कुठल्या कपाटात राहणार? ते माणसाबरोबर जातं. २००२ च्या जैवविविधता कायद्याने तर गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायची तरतूद केली आहे, ती यासाठीच. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या नोंदवह्यांसाठी किती खटपट केली! गावातल्या माणसाला जे ठाऊक आहे तेही ज्ञान आहे आणि ते लिहून ठेवलं पाहिजे, एवढं साधं म्हणणं. ग्रामपंचायत असो की महापालिका, प्रत्येक ठिकाणी त्यासाठी समिती असायला हवी. तुमच्याकडची वही कुठे आहे, कुणी भरतं का, जाऊन विचारा तरी! मी विचारणार आहे. विम्याच्या ऑफिसातली बाई वही मागायला आली की भले भले शोधायला लागतात!

दोन पथ्यं मात्र पाळायची, भाचीने बजावून सांगितलंय. जे ढिगाने आहे तेच घ्यायचं. एकटंदुकटं दिसलं तर फक्त फोटो आणि नोंद, हात लावायचा नाही. आणि अभयारण्यात, कासच्या पठारावर, संरक्षित जागी काहीही तोडायचं नाही, एक पातंसुद्धा! उत्साहाच्या भरात दुर्मीळ कंदिलपुष्प वाळवून आणलंत तर मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही! आणि खरं सांगू, गरजच नाही. काँग्रेस गवत आहे ना, ते जे सगळीकडे माजलंय ते? तेसुद्धा वाळवा! १९५० च्या दशकात त्याची इथली पहिली नोंद पुण्यातच झाली, आणि मग ते देशभर पसरलं. कुणीतरी वेळेवर टिपलं म्हणून आपल्याला ते कळतं. उद्याचं कुठलं संकट आज तुमच्या गच्चीवरच्या कुंडीत निमूट बसलंय, कुणी सांगावं! नकोशी झाडंही साक्षीदारच असतात.

तर आता तुमची पाळी. या रविवारी. घरात एक वर्तमानपत्र आहेच, एक जाड पुस्तक आहेच, एक पेन्सिल आहेच. पेन्सिलच घ्या, शाई ओलीने फुटते. भिंग नसेल तर घ्या, एका पिझ्झ्याच्या पैशांत येतं आणि पचायलाही हलकं! घरात लहान मूल असेल तर त्याला आधी खाली पाठवा, त्याचं नाक मुळातच जमिनीच्या जवळ असतं. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला खुर्ची द्या आणि समोर रोप धरा, आणि मग गप्प बसून फक्त लिहून घ्या. एकच रोप. सगळ्यात साधं, रोज पायाखाली येणारं. चिठ्ठीवर गावाचं नाव लिहा, गल्लीचं लिहा, फुलाचा रंग लिहा, आजी काय म्हणाली ते लिहा. आणि काहीही झालं तरी, हात जोडून सांगते, तारीख घालायला विसरू नका!